खिंडीच्या दिवसाचं घड्याळ बर्फाच्या हातात असतं

माहुली, कलावंतीण, हरिश्चंद्रगड करून झालेले ठाणे-नवी मुंबईचे अनेक ट्रेकर मे-जूनमध्ये पहिल्यांदा हिमालयात जातात. पायात ताकद असते, दमही चांगला असतो, तरी खिंड ओलांडायच्या दिवशी हाल होतात. कारण बहुतेक वेळा एकच असतं. निघायला उशीर झालेला असतो.

सह्याद्रीत आपण अंतर आणि चढाई पाहून वेळ काढतो. बर्फ वितळायच्या दिवसांत हे गणित अपुरं पडतं. निरभ्र रात्री बर्फाचा वरचा थर गोठून टणक होतो आणि पहाटे त्यावर बूट जेमतेम बोटभर रुततो. सकाळी नऊ-दहानंतर तोच थर मऊ पडू लागतो. दुपारी पाय गुडघ्यापर्यंत, कधी मांडीपर्यंत खचतो आणि पहाटे तासाभरात झाला असता असा उतार दुप्पट वेळ खातो. ओढ्यांचंही तसंच. पहाटे पोटरीइतकं पाणी असलेला ओढा संध्याकाळी कमरेला लागू शकतो. म्हणून या लेखातली प्रत्येक पायरी दिवसाच्या वेळेला बांधलेली आहे.

उदाहरणाला हिमाचलमधला, मनालीजवळचा हामटा पास घेऊ. नवख्यांसाठी तो योग्य आहे. खिंडीची उंची सुमारे ४,२७० मीटर. आदल्या रात्री मुक्काम बालू का घेरा इथे, खिंड ओलांडून उतरायचं ते शिया गोरूला. ट्रेकमधला सर्वांत लांब दिवस हाच. जूनच्या पहिल्या पंधरवड्यात वाटेवर भरपूर बर्फ असतो. रूपिन पास किंवा बुरान घाटी याच मोसमात करता येतात, पण तिथले बर्फाचे उतार बरेच तीव्र आहेत. पहिल्याच खेपेला त्यांच्या मागे लागू नका.

घरून निघण्याआधीचे दोन महिने

एप्रिल-मेमध्ये ठाण्यात सराव करायचा तर पहाटेच. उपवनपासून येऊर गावापर्यंतचा चढाचा डांबरी रस्ता, बेलापूरची पारसिक टेकडी आणि खारघर हिल या तिन्ही जागा चांगल्या. येऊरच्या आतल्या पायवाटा संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात येतात, तिथे परवानगीशिवाय शिरू नका. टेकडी लांब पडत असेल तर इमारतीचा जिना वापरा. एक मजला सुमारे तीन मीटर धरला तर पंचवीस मजल्यांच्या आठ फेऱ्यांत ६०० मीटर चढाई होते, म्हणजे साधारण खिंडीच्या दिवसाइतकी. उतरतानाही जिनाच घ्या, लिफ्ट नको. मांड्या उतारावर जास्त ठणकतात, आणि चढून लिफ्टने खाली येणाऱ्याच्या मांड्यांना त्याची सवयच लागत नाही.

आठवड्यातून तीन दिवस तासभर, पाठीवर सहा किलोपासून सुरू करून नऊ-दहा किलोपर्यंत. शिवाय पूर्ण दिवसाचे निदान दोन ट्रेक. आसनगावहून माहुली उत्तम, कारण पायथ्यापासून वर सुमारे सातशे मीटर चढाई एका दमात मिळते. हे दोन्ही ट्रेक हिमालयात घालणार तेच बूट घालून करा. नवे बूट थेट मनालीत पायात घालणाऱ्याला दुसऱ्याच दिवशी फोड येतात.

एका गोष्टीचा सराव मात्र इथे होत नाही. ठाणे समुद्रसपाटीला, तर खिंडीत हवेचा दाब इथल्या सुमारे ६० टक्के. विरळ हवेची सवय तिथे हळूहळू चढूनच होते. ३,००० मीटरच्या वर रोजच्या झोपण्याच्या जागेची उंची ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवायची नाही आणि तीन-चार दिवसांनी एक दिवस त्याच उंचीवर काढायचा, हा सर्वमान्य नियम आहे. ट्रेकचं वेळापत्रक त्याहून घाईचं असेल तर सुरू होण्याआधी मनालीत एक-दोन दिवस जास्त राहा. अ‍ॅसिटाझोलामाइड, म्हणजे उंचीचा त्रास टाळण्यासाठीचं डायमॉक्स, घ्यायचं असेल तर डॉक्टरांना विचारून. सल्फा औषधांची अ‍ॅलर्जी असेल तर त्यांना आधीच सांगा.

अंगावर आणि सॅकमध्ये काय

सुती कपडा घरी ठेवा. ठाण्याच्या उकाड्यात सुती बनियन बरं वाटतं, पण बर्फात घामाने किंवा पाण्याने भिजलेलं सूत वाळत नाही आणि अंगातली ऊब ओढून घेतं. अंगाला चिकटून सिंथेटिक किंवा लोकरीचा पातळ थर, वर फ्लीस, सर्वांत वर वारा-पाणी अडवणारं जाकीट. डाउन (पिसं भरलेलं) जाकीट थांब्यावर आणि तंबूत घालायचं, चालताना नाही. जीन्स मुळीच नको.

बूट घोट्याच्या वरपर्यंतचे, तळ कडक. अंगठ्याने तळ सहज वाकत असेल तर बर्फात पायरी खोदताना बुटाऐवजी बोटं दुमडतात. गेटर (बुटात बर्फ शिरू नये म्हणून नडगीवर बांधायचं आवरण) आणि मायक्रोस्पाइक (रबरी पट्ट्याने बुटावर चढवायचे धातूचे दात) मनालीत भाड्याने मिळतात. घेताना मायक्रोस्पाइक दुकानातच बुटावर चढवून पाहा. रबर सैल असेल तर ते उतारावर बाजूला सरकतं. वॉकिंग पोल दोन हवेत, टोकाजवळच्या चकत्यांसह. चकती नसेल तर काठी बर्फात हातभर आत जाते. टोकावरची रबरी टोपी काढून ठेवा.

गॉगलच्या बाबतीत काटकसर नको. ताजा बर्फ सूर्यप्रकाशाचा ८० टक्क्यांहून अधिक भाग परत फेकतो आणि उंचीबरोबर अतिनील किरणही वाढतात. काच गडदपणाच्या कॅटेगरी तीन किंवा चारची, पूर्ण अतिनील संरक्षण देणारी, आणि बाजूने प्रकाश शिरू न देणारी हवी. चष्मा असणाऱ्यांनी नंबरचा गॉगल करून घ्यावा किंवा चष्म्यावर बसणारा मोठा गॉगल आणावा.

खाऊ इथूनच न्या. जांभळी नाका किंवा वाशीच्या मसाला मार्केटमधून खजूर, बदाम, मनुका आणि भाजके शेंगदाणे. घरून राजगिऱ्याची चिक्की, तिळाचे लाडू, शंकरपाळे. उंचीवर भूक मरते, म्हणून जे एरवी आवडीने खाता तेच घ्या. शेंगदाण्याची कडक चिक्की पहाटेच्या थंडीत दगडासारखी होते, ती घरीच तुकडे करून बांधा. नुसत्या गोडाचा दोन दिवसांत कंटाळा येतो, म्हणून एक पुडी चिवड्याची किंवा खाऱ्या शेंगदाण्यांची असू द्या.

आदली संध्याकाळ

आकाशाकडे लक्ष ठेवा. रात्र निरभ्र आणि थंड असेल तर सकाळी बर्फ टणक मिळेल. रात्रभर ढग असले तर जमिनीची उष्णता अडून राहते, थर नीट गोठत नाही आणि पहाटे पाचलाही पाय खचतो. तसं झालं तर लीडर वेळ बदलेल किंवा एक दिवस थांबेल. तो त्याचा निर्णय, त्यावर हुज्जत घालू नका.

सॅक झोपण्याआधीच भरा. पाणी भरून बाटल्या उलट्या ठेवा. बर्फ वरून धरतो, त्यामुळे सकाळी झाकणाकडचं पाणी पातळच राहतं. पाण्याच्या पिशवीची नळी पहाटे गोठते, त्या दिवशी साधी बाटलीच बरी. पोकळ तंतूंचा वॉटर फिल्टर एकदा वापरला असेल तर तो स्लीपिंग बॅगेत घेऊन झोपा. आतलं पाणी गोठलं की तंतू फाटतात, आणि बाहेरून काही दिसत नाही. मोबाइल आणि हेडलॅम्पची बॅटरीही आत. ओलसर मोजे पोटाशी ठेवले तर सकाळपर्यंत बरेच वाळतात.

पहाटे तीन ते नऊ

तीनला उठणं, चार-साडेचारला चालणं. जूनमध्ये मनालीकडे सूर्य साडेपाचच्या आतच उगवतो, ठाण्यापेक्षा जवळपास पाऊण तास आधी, त्यामुळे हेडलॅम्पची गरज तासभरच पडते. निघण्याआधी काहीतरी गरम खाऊन अर्धा लिटर पाणी प्या. निघताना थोडी थंडी वाजली पाहिजे. उबदार होऊन निघालात तर दहा मिनिटांत घाम येतो आणि पहिल्या थांब्यावर तोच घाम गार पडून हुडहुडी भरवतो.

चाल इतकी संथ ठेवा की एक पूर्ण वाक्य न थांबता बोलता येईल. चढावर प्रत्येक पावलाला मागचा गुडघा क्षणभर सरळ करा, म्हणजे भार हाडांवर जातो आणि स्नायूंना तेवढी उसंत मिळते. तासाला पाच-सात मिनिटांचा एक थांबा पुरे. थांबलात की आधी जाकीट, मग खाऊ.

टणक बर्फाच्या चढावर पायरी अशी करा: गुडघ्यातून पाय झुलवून बुटाचं टोक बर्फात मारा, लागलं तर पुन्हा एकदा त्याच जागी. अर्धा बूट आत गेला पाहिजे आणि पायरीचा तळ डोंगराकडे किंचित उतरता हवा. मग भार टाका, मग दुसरा पाय. पुढच्याने केलेल्या पायरीतच पाय ठेवा आणि ती थोडी खोल करून सोडा. नवी वाट काढायचा मोह नको. आडव्या वाटेवर बुटाची डोंगराकडची कड बर्फात रुजवा आणि शरीर ताठ ठेवा. भीती वाटली की माणूस डोंगराकडे झुकतो, आणि नेमका त्यामुळेच पाय बाहेर निसटतो. घसाऱ्यावर चालण्याची सवय असेल तर हे पटकन कळेल, तिथेही झुकणारा आधी घसरतो.

मायक्रोस्पाइक सकाळच्या टणक, मध्यम उताराच्या बर्फासाठी आहेत. दुपारच्या ओल्या बर्फात त्यांच्या खाली गोळा साचतो आणि दात बर्फापर्यंत पोहोचतच नाहीत. दर दहा-वीस पावलांनी बूट काठीने ठोकावा लागत असेल तर ते काढून टाका. तीव्र आणि गोठलेल्या उतारावर मायक्रोस्पाइक पुरत नाहीत. तिथे क्रॅम्पॉन (बुटाला बांधायचे लांब दातांचे सांगाडे), आइस अ‍ॅक्स किंवा दोर लागतो, आणि गाईड लावेल तोच दोर धरायचा.

घसरलात तर ताबडतोब पालथे व्हा, डोकं वरच्या बाजूला, छाती बर्फावर, कोपर आणि गुडघे दाबून वेग मोडा. पायात मायक्रोस्पाइक असतील तर बुटाची टोकं उचललेली ठेवा. दात अचानक रुतले तर घोटा मोडतो किंवा माणूस उलटतो. पहिल्या दोन सेकंदांतच थांबता येतं, वेग आल्यावर अवघड. म्हणून आदल्या दिवशी, खाली सपाट आणि मोकळी जागा असलेल्या छोट्या उतारावर पाच-सहा वेळा सराव करा. कोणत्याही उतारावर पाऊल टाकण्याआधी खाली काय आहे ते पाहा. खाली खडक किंवा पाणी असेल तर तोच उतार धोक्याचा ठरतो, मग तो कितीही सौम्य दिसो.

नऊनंतर: बर्फ मऊ होतो

नऊ-साडेनऊपर्यंत खिंड गाठायची. पूर्वेकडे तोंड असलेल्या उतारावर ऊन आधी येतं, म्हणून तो आधी खचू लागतो. पश्चिमेकडचा उतार अजून तास-दोन तास टणक राहतो. लीडरने लांबची वाट धरली तर बहुधा याच कारणाने. ऊन लागलं की वरच्या कड्यांतले दगडही सुटतात, कारण रात्री त्यांना धरून ठेवणारा बर्फ वितळतो. घळीच्या तोंडाशी फोटोसाठी थांबू नका. उतारावरून बर्फाचे छोटे गोळे आपोआप गडगडू लागले तर वरचा थर ओला होऊन सुटायच्या बेतात आहे असं समजा, आणि त्या उताराखालून लवकर बाहेर पडा.

खडकाच्या भोवतीचा बर्फ सर्वांत फसवा. खडक तापतो, त्याच्याभोवती बर्फ आतून पोकळ होतो आणि वरून काही दिसत नाही. अशा खडकापासून दोन हात लांबून जा. पाय मांडीपर्यंत गेलाच तर हिसका देऊ नका, गुडघा मुरगळतो. बुटाभोवतीचा बर्फ हाताने किंवा काठीने मोकळा करा, दुसऱ्या पायाची नडगी आडवी टेकवा, भार पसरा आणि रांगत बाहेर या.

उतरताना मऊ बर्फात टाच आधी. गुडघा किंचित वाकवून, टाचेवर पूर्ण भार टाकून, ठाम पाऊल. बिचकत चवड्यावर उतरणारा घसरतो. बसून घसरत जाण्यात मजा असते, पण लीडरने उतार तपासून परवानगी दिली असेल तरच. मायक्रोस्पाइक काढलेले हवेत आणि काठ्या सॅकला बांधलेल्या.

ओढे आणि बर्फाचे पूल

इथे आपली सह्याद्रीची सवय घात करते. आपल्याकडे ओढा पावसाने फुगतो, पाऊस थांबला की दोन-तीन तासांत ओसरतो. बर्फाचा ओढा स्वच्छ उन्हात फुगतो. आकाश निळं असतं आणि पाणी चढतच असतं. वरचा बर्फ दुपारी वितळतो आणि ते पाणी खाली पोहोचेपर्यंत संध्याकाळ होते. पाणी उतरायला रात्र जावी लागते. म्हणून शिया गोरूचा ओढा दुसऱ्या दिवशी सकाळी लवकर ओलांडतात, संध्याकाळी पोहोचल्या पोहोचल्या नाही.

ओलांडण्याआधी पाच मिनिटं नुसतं पाहा. पाणी गढूळ आहे का, तळाशी दगड गडगडण्याचा आवाज येतो का? एक काटकी टाका. ती आपल्या चालण्याच्या वेगापेक्षा जोरात वाहत गेली तर तिथे उतरू नका. अरुंद जागा सोपी दिसते, पण तिथे पाणी खोल आणि वेगवान असतं. जिथे ओढा पसरून दोन-चार फाटे होतात ती जागा शोधा. नवख्यांनी गुडघ्याच्या वर पाणी असेल तर गाईडशिवाय पाय घालायचा नाही.

सॅकचा कमरेचा आणि छातीचा पट्टा सोडा, काठीच्या पट्ट्यातून मनगट काढा. पडलात तर सॅक टाकता आली पाहिजे. अनवाणी कधीच नाही, कारण त्या पाण्यात मिनिटभरात पाय बधिर होतात आणि दगड कापला तरी कळत नाही. मागे पट्टा असलेले सँडल घाला, घरच्या स्लिपर वाहून जातात. तोंड प्रवाहाकडे, काठी पुढे रोवलेली, आणि खेकड्यासारखं आडवं सरकायचं. दोन आधार पक्के झाल्यावरच तिसरा हलवायचा. तिघं असाल तर एकमेकांचे दंड गुंफून, सर्वांत दणकट माणूस प्रवाह येतो त्या बाजूला. कंबरेला दोर बांधून उतरू नका. पाय निसटला तर प्रवाह माणसाला खाली दाबतो आणि दोर त्याला तिथेच अडकवतो. वाहून गेलातच तर सॅक सोडा, उताणे व्हा, पाय पुढे ठेवून कडेला सरका.

बर्फाचा पूल म्हणजे ओढ्यावर उरलेलं बर्फाचं छत. पाणी त्याला खालून खात असतं, त्यामुळे वरून जाडी कळत नाही. मधोमध खोलगट भाग, करडा किंवा निळसर डाग, भेगा, काठी मारल्यावर पोकळ आवाज, कडेला पातळ झालेली धार, यातलं एकही दिसलं तर तो पूल सोडा आणि वर दुसरी जागा शोधा. चांगला पूलही सकाळीच, एका वेळी एकाच माणसाने, पट्टे सोडून, उडी न मारता.

डोळे, कातडी, डोकं

गॉगल ढगाळ हवेतही काढायचा नाही. बर्फाने डोळे भाजले तर लगेच कळत नाही. सहा ते बारा तासांनी, म्हणजे तंबूत रात्री, डोळ्यांत वाळू गेल्यासारखं खुपतं आणि पाणी वाहतं. चोळू नका, लेन्स काढा, अंधारात राहा, गार पट्टी ठेवा. बहुधा एक ते तीन दिवसांत बरं होतं, पण तोवर चालता येत नाही. सनस्क्रीन दर दोन तासांनी, आणि नाकपुडीच्या खाली, हनुवटीच्या खाली, कानामागेही लावा, कारण ऊन खालूनही येतं.

पाणी दिवसाला तीन ते चार लिटर, थोडं थोडं. थंडीत तहान लागत नाही, त्यामुळे लघवीचा रंग पाहा. गडद पिवळा असेल तर पाणी कमी पडतंय.

डोकेदुखीसोबत मळमळ, भूक नसणं किंवा अतिशय थकवा आला तर ते उंचीमुळेच आहे असं धरा आणि आणखी वर जाऊ नका. सरळ रेषेत टाचेला चवडा लावून चालायला सांगा. माणूस झोकांड्या देत असेल किंवा असंबद्ध बोलत असेल तर मेंदूला सूज येत असू शकते. बसल्या जागी धाप लागणं, खोकला, फेसाळ किंवा गुलाबी थुंकी ही फुप्फुसात पाणी साचल्याची लक्षणं. दोन्हींत उपाय एकच, ताबडतोब खाली, रात्र असली तरी. ऑक्सिजन किंवा गोळ्या मिळाल्या तरी उतरणं थांबवायचं नाही. आणि लीडरपासून काही लपवू नका. ग्रुपचं नुकसान होईल म्हणून गप्प बसलेल्याला मग उचलून न्यावं लागतं.

परत फिरण्याची वेळ आदल्या रात्रीच ठरवा. बालू का घेरातून पहाटे चारला निघाल्यावर साडेदहापर्यंत खिंड आली नाही, किंवा दाट ढग येऊन वाट दिसेनाशी झाली, तर फिरायचं.

मुक्कामाला पोहोचल्यावर

दुपारी एक-दोनपर्यंत शिया गोरूला पोहोचलात की सर्वांत आधी ओले मोजे काढा, पाय कोरडे करा, फोड आलेत का पाहा. बुटाचे आतले सुटे तळ (इनसोल) काढून वेगळे वाळत घाला आणि बुटात वर्तमानपत्र कोंबा. जुन्या पेपरचे दोन अंक घरूनच आणलेले असावेत, कारण तिथे मिळत नाहीत. तासाभराने पेपर बदला. ऊन असेपर्यंत गेटर दगडांवर पसरा, ओल्या गेटरच्या चेन रात्री गोठून सकाळी उघडत नाहीत. बूट तंबूच्या आत, प्लास्टिकच्या पिशवीत पायाशी ठेवा. सकाळी तरीही ओलसर राहिले तर कोरड्या मोज्यांवर एक-एक साधी प्लास्टिकची पिशवी चढवून मग बूट घाला. सँडल सॅकच्या वरच्या कप्प्यात काढून ठेवा, पहाटे ओढ्यावर त्याच आधी लागतील.